विश्लेषण : नेट अडकवायच्या क्लॅम्पला पेटंट मिळेल का? ‘यात काय नवीन?’ या प्रश्नाचे न्यायालयांनी दिलेले उत्तर

खेळाचे साहित्य खांबाला, फळीला किंवा भिंतीला अडकवणारे सुटे भाग दिसायला अगदी साधे असतात. त्यामुळे त्यांच्या पेटंटचा वाद शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : हे कुणालाही सुचले असते का? मिर्झापूरच्या भांड्यांपासून अमेरिकेतील वॉटरबोर्डपर्यंतचे निकाल काय सांगतात आणि नंदुरबारच्या कारागिराने, विद्यार्थ्याने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

शहादा, तळोदा किंवा नवापूरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॉलीचे हूक यांच्याबरोबर शाळांसाठी व्हॉलीबॉलचे खांबही तयार होतात. पुरुषांसाठी नेटची उंची २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर. त्याच मैदानावर बॅडमिंटन खेळायचे तर खांबापाशी उंची १.५५ मीटर. साधा उपाय म्हणजे प्रत्येक उंचीवर एक हूक वेल्ड करून टाकायचा.

आता समजा, एका तरुण कारागिराने खांबावर सरकणारी लोखंडी कॉलर बनवली. नट नाही, बोल्ट नाही. नेटची दोरी ताणली की कॉलर किंचित तिरपी होते आणि खांबाला घट्ट आवळते. दोरी सैल केली की एका हाताने वर-खाली सरकते. शाळेतले क्रीडाशिक्षक खूश. एक मित्र म्हणतो, ‘याचे पेटंट घेऊन टाक.’ दुसरा म्हणतो, ‘यात काय नवीन आहे?’

उदाहरण काल्पनिक असले, तरी दुसऱ्या मित्राचा प्रश्न खरा आहे. जगभरातील पेटंट कार्यालये आणि न्यायालये नेमके हेच विचारतात. उत्तर चुकले तर कारागिराचे पैसे जातात, काही वर्षे जातात आणि कधी कधी हक्कही जातो.

कायदा नेमके काय विचारतो?

भारताच्या पेटंट कायदा, १९७० नुसार शोध नवा हवा, उद्योगात वापरता येण्यासारखा हवा आणि त्यात ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ म्हणजे कल्पकतेची पायरी हवी. ही तिसरी अट सर्वांत अवघड. कायद्यातील व्याख्येनुसार आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही हवे. शिवाय त्या कामातील जाणकाराला ती गोष्ट उघड वाटता कामा नये.

हा ‘जाणकार’ म्हणजे मोठा शास्त्रज्ञ नव्हे. तो कायद्याने कल्पिलेला माणूस आहे. आपल्या धंद्यातले आधी प्रसिद्ध झालेले सगळे त्याला ठाऊक असते, हात सरावलेला असतो, पण अचाट कल्पकता त्याच्याकडे नसते. अर्जाच्या तारखेला अशा माणसाला ही कॉलर सहज सुचली असती, तर पेटंट नाही.

याच कायद्याचे कलम ३(एफ) आणखी स्पष्ट आहे. माहीत असलेली साधने नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक साधन आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर तो शोध ठरत नाही. छत्रीला टॉर्च बांधली तर छत्री पावसापासून वाचवते आणि टॉर्च उजेड देते. दोघांच्या एकत्र येण्याने तिसरे काही घडत नाही.

मिर्झापूरची ताटे आणि लेथ मशीन

भारतात या विषयावरचा पायाभूत निकाल वस्तू घट्ट धरून ठेवण्याच्या एका साधनाबद्दलच आहे. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे पितळ आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनवणाऱ्या ‘हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज’ या भागीदारी संस्थेने १९५१ मध्ये भांडी लेथवर धरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. जुन्या पद्धतीत उथळ ताटे फक्त हेडस्टॉकला चिकटवून किंवा चकमध्ये पकडून घासली जात. काम एकसारखे होत नसे आणि फिरते भांडे उडून कामगाराला लागण्याचा धोका असे. नव्या पद्धतीत समोरून टेलस्टॉकचा आधार देऊन भांडे दाबून धरले जाई.

त्याच गावातील ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम’ ही पेढी तीच पद्धत वापरू लागली आणि वाद न्यायालयात गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते वाचवले. अखेर १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दच ठरवले. पेटंटच्या तारखेपासून तोवर २७ वर्षे उलटली होती.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : आधीच्या वस्तूत केलेली सुधारणा ही नुसती कारखान्यातील रोजची डागडुजी असून चालत नाही. जुन्या भागांची जुळणी करायची असेल, तर त्यातून नवा परिणाम, नवी वस्तू किंवा आधीपेक्षा चांगली वा स्वस्त वस्तू मिळायला हवी आणि त्यामागे कल्पकता दिसायला हवी. टेलस्टॉकचा आधार लेथवर काम करणाऱ्यांना आधीपासून माहीत होता. शिवाय नेमके नवे काय, हे अर्जात स्पष्ट मांडलेलेच नव्हते.

भांडे आता उडत नव्हते आणि पद्धत उपयोगीही होती. तरीही पेटंट टिकले नाही. उपयोगी असणे आणि कल्पक असणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हा या निकालाचा गाभा आहे.

ट्रेडमिलच्या वादात पलंग कुठून आला?

खेळाच्या साहित्याबाबत अमेरिकेतील दोन निकाल बोलके आहेत. ते भारतात बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादाची दिशा दाखवतात.

पहिला ‘आयकॉन हेल्थ अँड फिटनेस’ कंपनीचा. तिच्या ट्रेडमिलचा पट्टा वापरानंतर उभा दुमडता येई आणि गॅस स्प्रिंगमुळे तो तसाच उभा राही. पुनर्तपासणीत पेटंट कार्यालयाने दोन जुने कागद समोर ठेवले. एक, दुमडणाऱ्या ट्रेडमिलची जाहिरात. दुसरा, भिंतीतल्या कपाटात उभ्या दुमडणाऱ्या पलंगाचे पेटंट, ज्यात गॅस स्प्रिंग होती. कंपनीचा आक्षेप होता की पलंगाचा आणि व्यायामाच्या यंत्राचा संबंधच काय? २००७ मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने कार्यालयाची बाजू उचलून धरली. अडचण दोन्हीकडे एकच होती : जड, दुमडलेली वस्तू खाली न पडता उभी कशी राहील? अशी अडचण असणारा माणूस शेजारच्या धंद्यातही डोकावतोच.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या पेडलवर सेन्सर कुठे बसवायचा, या ‘केएसआर’ प्रकरणात सांगितले होते की जाणकार माणूस म्हणजे यंत्रमानव नव्हे. साधी व्यवहारबुद्धी त्याच्याकडेही असते.

दुसरा निकाल २०१८ चा, ‘झप’ विरुद्ध ‘नॅश मॅन्युफॅक्चरिंग’. मोटारबोटीमागे ओढल्या जाणाऱ्या पाण्यावरच्या फळीला हँडल, पाय अडकवायचे बाइंडिंग आणि दोरीचा हूक अशा रीतीने बसवले होते की नवशिका आधी पालथा, मग गुडघ्यांवर आणि मग उभा राहू शके. फेडरल सर्किटने दोन विरुद्ध एक मताने पेटंट रद्द ठरवले. हे सर्व भाग वेगवेगळ्या जुन्या फळ्यांवर होतेच आणि स्वाराला स्थिर ठेवण्यासाठी ते एकत्र आणणे जाणकाराला सुचण्यासारखे होते, असे बहुमत पडले.

न्यायमूर्ती पॉलिन न्यूमन यांचे मत वेगळे होते. शोध डोळ्यांसमोर ठेवून मागे वळून पाहिले की सगळेच सोपे दिसते, हा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. कोडे सुटल्यावर ते सोपेच वाटते. कोडे सुटण्याआधी ते किती जणांना सुटत नव्हते, हेही पाहायला नको का?

मग साध्या वस्तूला पेटंट मिळतच नाही?

मिळते. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२२ चा ‘एव्हरी डेनिसन’ निकाल यासाठी महत्त्वाचा आहे. विषय होता खाच असलेल्या फास्टनरचा, म्हणजे वस्तू अडकवण्याच्या एका छोट्या साधनाचा. पेटंट कार्यालयाने ‘यात कल्पक पायरी नाही’ म्हणून अर्ज फेटाळला. अपिलात न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी तो आदेश रद्द केला आणि अर्जदाराचा पेटंटचा मार्ग मोकळा केला.

बदल साधा आहे, एवढ्यावरून तो उघड ठरत नाही, असे या निकालाचे सार आहे. न्यायालयाने एक व्यवहारी कसोटीही दिली : आधीचे ज्ञान आणि नवा शोध यांच्यात किती काळ गेला? जुनी वस्तू बरीच वर्षे बाजारात आहे, साध्या बदलाने अनपेक्षित फायदा होतो आणि तरीही तोवर कुणाला तो सुचला नाही, तर कौल शोध लावणाऱ्याच्या बाजूने झुकतो.

त्याच वर्षी ‘ॲग्रीबोर्ड इंटरनॅशनल’ प्रकरणात याच न्यायालयाने पेटंट अधिकाऱ्यांनाही शिस्त लावली. अर्ज फेटाळताना आधीच्या कागदात काय होते, अर्जात काय आहे आणि पहिल्यावरून दुसरे जाणकाराला कसे सुचले असते, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी. ‘हे उघड आहे’ एवढेच लिहून अर्ज फेटाळता येणार नाही.

शहाद्याच्या कॉलरचे काय होईल?

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे येऊ. परीक्षक सर्वांत आधी सुताराचा सरकता क्लॅम्प पुढे करील. त्याचा जबडाही दाब पडताच तिरपा होऊन पट्टीला आवळतो. सुतारकाम आणि व्हॉलीबॉल यांचा संबंध काय, हा आक्षेप ट्रेडमिलच्या प्रकरणात टिकला नव्हता. इथेही तो टिकणे अवघड आहे. दाव्यात फक्त ‘खांबावर सरकणारी, ताणाने आवळणारी कॉलर’ एवढेच असेल, तर अर्ज बहुधा फेटाळला जाईल.

पण समजा, कारागिराने कॉलरच्या आतल्या कडेला एका ठरावीक कोनात काप घेतला आहे. कोन कमी केला की कॉलर घसरते, जास्त केला की रुतून बसते आणि हातोडीशिवाय सुटत नाही. मधल्या त्या थोड्याशा पट्ट्यातच ती दिवसभर खेळूनही घसरत नाही आणि तरी एका हाताने सुटते. हे त्याने दहा-वीस नमुने करून, तारखेसह वहीत लिहून ठेवले आहे. आता त्याच्याकडे सांगण्यासारखे काही आहे. सुताराच्या क्लॅम्पवरून हा कोन कुणाला कळला नसता, असा युक्तिवाद करता येतो. यश मिळेलच असे नाही, पण लढत खरी होईल.

फरक कुठे पडला? वस्तू तीच आहे. दुसऱ्या वेळी फसलेल्या नमुन्यांची नोंद होती, अनपेक्षित परिणाम मोजलेला होता आणि दावा नेमका होता.

अपील कुठे आणि किती दिवसांत?

महाराष्ट्रातील अर्ज मुंबईत अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि सुनावणी व्हिडीओ कॉन्फरन्सवर होते, त्यामुळे नंदुरबारहून दर वेळी मुंबई गाठावी लागत नाही. पहिला परीक्षण अहवाल आल्यावर सहा महिन्यांत उत्तर द्यायचे असते.

अर्ज फेटाळला गेला, तर कलम ११७-ए नुसार तीन महिन्यांत अपील करता येते. पूर्वी हे अपील बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जाई. एप्रिल २०२१ मध्ये ते मंडळ बरखास्त झाले आणि ही अपिले उच्च न्यायालयांकडे आली. मुंबई कार्यालयाच्या आदेशावर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागते.

पेटंट मिळाल्यावरही धोका संपत नाही. मंजुरीच्या प्रसिद्धीपासून एक वर्षात हितसंबंधी व्यक्ती विरोध नोंदवू शकते. नंतरही उच्च न्यायालयात ते रद्द करण्याची मागणी होऊ शकते. मंजुरी म्हणजे पेटंट वैध असल्याची हमी नाही, असे कायद्याचे कलम १३(४) सांगते.

अर्जाआधी काय करावे?

पहिली गोष्ट, रील टाकू नये. अर्ज करण्याआधी इन्स्टाग्राम, यूट्यूब किंवा व्हॉट्सॲपच्या मोठ्या ग्रुपवर वस्तू कशी चालते हे दाखवले, तर ‘नवे’ असण्याची अटच मोडू शकते. सारंगखेड्याच्या यात्रेत स्टॉल लावून विकणेही तितकेच धोक्याचे. प्रदर्शनाची कायद्यातील सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच मिळते.

दुसरी गोष्ट, आधी शोधावे. पेटंट कार्यालयाची ‘इनपास’ ही शोधप्रणाली, ‘गुगल पेटंट्स’, ‘पेटंटस्कोप’ आणि ‘एस्पेसनेट’ मोबाइलवर मोफत चालतात. शोधताना वस्तूचे नाव टाकण्यापेक्षा तिची अडचण टाकावी. ‘व्हॉलीबॉल क्लॅम्प’ शोधून काही सापडले नाही म्हणून खूश होऊ नये. ‘खांबावर सरकणारे, आपोआप आवळणारे’ असे शोधले की सुताराचा क्लॅम्प, तंबूचा खांब, रुग्णालयातला सलाइन स्टँड, सगळे समोर येते. परीक्षकही तेच पाहणार असतो.

तिसरी गोष्ट, वही ठेवावी. तारीख, माप, फसलेला नमुना, फोटो. वर्षभरात काम पूर्ण होणार असेल, तर आधी प्रोव्हिजनल अर्ज करून तारीख पक्की करता येते. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो.

चौथी गोष्ट, खर्च समजून घ्यावा. वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये आहे. ३० पाने आणि १० दावे यांपुढे जादा शुल्क लागते. मंजूर पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते, पण त्यासाठी नूतनीकरण शुल्क भरत राहावे लागते. एजंटची फी वेगळी.

वस्तूचे फक्त रूप वेगळे असेल, तर डिझाइन नोंदणीचा मार्ग आहे. ती १० वर्षे टिकते आणि आणखी ५ वर्षे वाढवता येते. मात्र डिझाइन नोंदणी दिसण्याचे रक्षण करते, वस्तू चालण्याच्या पद्धतीचे नाही. हे दोन्ही एकच समजून फसगत होते.

कसोटी सैल करावी का?

जर्मनी आणि चीनमध्ये छोट्या सुधारणांसाठी ‘युटिलिटी मॉडेल’ नावाचा कमी मुदतीचा हक्क मिळतो. भारतात तो नाही. तो असावा, म्हणजे गावातल्या कारागिराला न्याय मिळेल, असे वाटणे साहजिक आहे. पण दुसरी बाजूही पाहावी लागेल. प्रत्येक हूक, प्रत्येक कॉलर कुणाच्या तरी मालकीची झाली, तर उद्या शाळेसाठी खांब बनवणाऱ्या दुकानदारालाच नोटीस येईल. मोठ्या कंपनीकडे असे शंभर हक्क असतील, कारागिराकडे एखादा. मिर्झापूरच्या निकालाने टेलस्टॉकचा आधार सर्व भांडी कारखान्यांसाठी खुला ठेवला, हेही विसरता येत नाही. ‘उघड’ गोष्ट कुणाच्या मालकीची होऊ नये, ही कसोटी लहान माणसालाही वाचवते.

म्हणून कसोटी कायम ठेवावी, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट सोपी करावी. अर्ज लिहिण्याआधी तासभर बसून जुने कागद शोधून देणारे, ‘तुमची वस्तू चांगली आहे, पण पेटंटची नाही’ असे स्पष्ट सांगणारे माणूस आयटीआय, तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात हवे. आज अनेक ठिकाणी उलट घडते. अर्जांची संख्या वाढवायची म्हणून प्रकल्प घाईने दाखल होतात. अर्ज १८ महिन्यांनी नियमानुसार प्रसिद्ध होतो, तोच ‘पेटंट मिळाले’ म्हणून फलकावर झळकतो आणि वर्तमानपत्रांतही तसाच छापून येतो. प्रसिद्ध होणे आणि मंजूर होणे यांत परीक्षणाचा पूर्ण टप्पा बाकी असतो, हे विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. बातमी देणाऱ्यांनीही ते विचारायला हवे.

आणि पेटंट कार्यालयाने आपली बाजू पाळावी. अर्ज फेटाळताना कारण इतके स्पष्ट असावे की वकील नसलेल्या अर्जदारालाही कळेल : कुठला जुना कागद, त्यातले काय आणि तिथून इथवर येणे सोपे कसे. तेवढे कळले, तर शहाद्याचा कारागीर अपिलावर पैसे घालायचे की पुढचा नमुना बनवायचा, हे स्वतः ठरवू शकेल.